खिडकीची जागा

८ एप्रिल. नेसरीची सकाळची एसटी आज अर्धी रिकामी. उसाच्या ट्रॉल्याही रस्त्यावरून गायब. खिडकीची जागा मिळाली. भडगावच्या पुलावर गाडी आली की मी न चुकता हिरण्यकेशीकडे बघतो. पावसाळ्यात हाच पूल पाण्याखाली जातो आणि आमची दांडी कायदेशीर करतो. आज खाली नुसते खडक, त्यांवर वाळत टाकलेली एक हिरवी गोधडी. पुढं करंजाला पालवी फुटलेली, तेल लावल्यासारखी चकचकीत.

कानात कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीत त्यांचा जन्म याच तारखेचा, १९२४ चा. कोवाडच्या रणजित देसाईंचाही हाच दिवस, साल १९२८. म्हणून पिशवीत त्यांची ‘स्वामी’ कादंबरी. चौथ्यांदा वाचतोय, तरी माधवरावांचा आजार बळावला की पुस्तक मिटून बाहेर बघायचं, ही खोड काही जात नाही.

संध्याकाळी गडहिंग्लज स्टँडवर मित्र भेटला. “काय मर्दा, अजून त्येच पुस्तक?” म्हणत त्यानं पुडीतले शेंगदाणे माझ्या हातावर ओतले. जरा खारटच होते. त्याची गाडी लागेपर्यंत दोघं कट्ट्यावर खात बसलो, फारसं न बोलता.