ताट उचलायची घाई



सध्या सूनबाई शिरूरला आमच्याकडे राहून घरूनच काम करते. गेले पंधरा दिवस तिचं जेवणात लक्ष नव्हतं. कंपनीच्या एका गिऱ्हाइकाचा सर्व्हर अधूनमधून अचानक बंद पडायचा आणि ठपका तिच्या भागावर येत होता. मी बी.कॉम., कॉम्प्युटर हिशोबापुरता. पण हिशोब न जुळण्याचं दुखणं मला कळतं, म्हणून विचारलं, अडलंय कुठे?

सर्व्हरला नेटवर्कच्या दोन वायरी असतात. लिनक्समधला बाँडिंग नावाचा ड्रायव्हर त्या दोन्ही मिळून एकच असल्यासारख्या चालवतो. एक तुटली तरी दुसरी काम पुढे नेते. म्हणजे व्यवस्था सुरक्षिततेची, आणि यंत्र पडत होतं तिच्यातच!

कारण आत एकाच वेळी अनेक हात राबतात. त्यांना थ्रेड म्हणतात. एक थ्रेड निरोप पाठवायला वायर निवडतो. नेमकी तीच वायर काढायचा हुकूम आलेला असतो, म्हणून दुसरा थ्रेड तिची नोंद पुसून मेमरीतली जागा मोकळी करतो. पहिला तिथे पोचतो तो भलत्याच जागी. यंत्र कोसळतं.

माझं माहेर दौंडचं. मी म्हटलं, "अगं, एकेरी रुळावर गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. तसं करा की."

ती हसली. "आई, त्याला आम्ही लॉक म्हणतो. पण सेकंदाला लाखो निरोप जातात. प्रत्येकानं गोळ्यासाठी थांबायचं म्हटलं तर सगळं तुंबेल."

म्हणून २०१३ च्या सुमारास या ड्रायव्हरमध्ये वायरींची यादी वाचायला आरसीयू ही पद्धत आली. तिच्यात वाचणारा थांबत नाही, काढणारा थांबतो. यादीतून नाव आधी काढायचं, पण जुने वाचणारे आटोपेपर्यंत जागा मोडायची नाही.

मला स्वामीवात्सल्याची पंगत आठवली. ताट रिकामं दिसतं, पण जेवणारा अजून ते धुऊन पिणार असतो. तेवढ्यात एखादा मुलगा घाईनं ताट उचलतो. काम दोघांचंही चांगलंच, पण मधलं थांबणं राहून जातं.

हे सापडणं मात्र कठीण. तपासासाठी जादा नोंदी छापल्या की वेग मंदावतो आणि बिघाड लपतो. तेरीज जुळली तरी खात्यात चूक असू शकते, तशाच इथल्या चाचण्या पास झाल्या होत्या. शेवटी तिनं एकीकडे निरोपांचा मारा आणि दुसरीकडे वायर जोडणं-काढणं रात्रभर चालू ठेवलं. सोबत केसॅन नावाचं साधन लावलं. मोकळी केलेली जागा कोणी वापरली की ते दोन्ही पत्ते देतं: मोकळी कोणी केली आणि वापरली कोणी.

पहाटे अहवाल आला. सुनेच्या भागानं नियमाप्रमाणे वाचलं होतं; न थांबता जागा मोकळी करणारा भाग एका नव्या मुलाचा होता. वरून प्रश्न आला, चूक कोणाची? तिनं लिहिलं, "एकेक भाग वेगळा वाचला तर दोन्ही बरोबर वाटतात. मधे थांबायचं राहिलंय." मग त्या मुलाला फोनवर घेऊन दोघांनी मिळून ती एक ओळ घातली.

सर्व्हर चार दिवस चालू आहे. मी म्हटलं, "सुटलं ना?" ती म्हणाली, "अजून काही आठवडे जाऊ देत, आई. हा बिघाड गप्प बसण्यात पटाईत आहे."

आज मात्र ती दोन भाकऱ्या जेवली.