माथा, भुवई आणि मोरकी

वर्णनाची अचूकता शब्दसंपत्तीवर अवलंबून असते, हे विधान साहित्याच्या वर्गात आपण सहज करून जातो. त्याचा खरा कस पाखराच्या डोक्यापाशी लागतो. अकोटला शिकवताना मी विद्यार्थ्यांना पिंगळ्याचे वर्णन लिहायला सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याची ही मुले. पिंगळा त्यांनी पाहिलेला असतो. तरी ‘वाटोळे डोके, मोठे डोळे, बाकदार चोच’ यापलीकडे लेखणी सरकत नाही.

एवढ्या तपशिलावर पिंगळा आणि रानपिंगळा वेगळे करता येत नाहीत. हा भेद किरकोळ नव्हे. ह्यूमने १८७३ मध्ये रानपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन केले. १८८४ नंतर त्याचा विश्वासार्ह नमुना मिळाला नाही. १९१४ चा म्हणून मिरवलेला नमुना मायनर्ट्झहागेनने संग्रहालयातून चोरून, खोटी नोंद लावून खपवलेला निघाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ जिवंत दिसला. पुढे आमच्या शेजारच्या मेळघाटातही आढळला. पिंगळ्याचा माथा पांढऱ्या ठिपक्यांचा, भुवई ठळक. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, भुवई पुसट, चोच दणकट. ओळख पटते ती अशा खुणांवरून, आणि खुणा सांगायच्या तर अवयवांना नावे हवीत.

माथा, कपाळ, गाल, हनुवटी, मानगूट हे माणसाचे शब्द पाखरालाही शोभतात. अडते ते डोळा आणि चोच यांमधल्या चिंचोळ्या पट्टीपाशी. इंग्रजीत तिला ‘लोर’ म्हणतात. मूळ लॅटिन ‘लोरम’चा अर्थ चामड्याची वादी, लगाम. म्हणजे शास्त्राची ही संज्ञाही जनावराच्या साजातूनच आलेली! आमच्याकडे बैलाच्या तोंडावर चढवतात ती मोरकी. त्या पट्टीला ‘मोरकी’ म्हणायला काय हरकत आहे? संस्कृत धातूंकडे वळण्याआधी एकदा गोठ्यात डोकवावे.

मारुती चितमपल्लींनी (१९३२–२०२५) वनाधिकारी म्हणून रानोमाळ हिंडताना आदिवासींकडून पक्ष्यांची नावे टिपली. आता पाळी अवयवांच्या नावांची आहे. आणि घाई करायला हवी. कारण ट्रॅक्टर आल्यापासून दावणी ओस पडत आहेत. बैल गेला की मोरकी हा शब्दही त्याच्या मागोमाग जाईल. पाखराच्या डोक्यावर तो कदाचित टिकेल.