कुर्ला ते सोनौली

भारत आणि नेपाळ यांच्यातली 1,751 किलोमीटरची सीमा खुली आहे. 1950 च्या मैत्री करारापासून चालत आलेल्या व्यवस्थेत दोन्हीकडच्या नागरिकांना ती पायी ओलांडायला ना पासपोर्ट लागतो, ना व्हिसा. या मोकळेपणावर असंख्य घरांच्या चुली पेटतात. मुंबई-पुण्यातले नेपाळी रखवालदार आणि हॉटेलांतले आचारी याच वाटेने ये-जा करतात. मुलींना कामाचे किंवा लग्नाचे आमिष दाखवून नेणारे दलालही हीच वाट वापरतात. उत्तर प्रदेशातल्या महाराजगंज जिल्ह्यातले सोनौली हा या सीमेवरचा एक अतिशय वर्दळीचा नाका. अशा मुलींना वाटेतच थांबवणाऱ्या एका संस्थेत वर्षभर स्वयंसेवक म्हणून राहण्यासाठी प्रस्तुत लेखिका ठाण्यातले बिऱ्हाड आवरून तिथे गेली, त्या प्रवासाचे हे टिपण.

कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी कुशीनगर एक्स्प्रेस कल्याण, भुसावळ, इटारसी, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौ करत गोरखपूरला पोचते. दीड दिवसाच्या आसपासचा हा प्रवास. डबा गावी निघालेल्या कामगारांनी भरलेला असतो. बाकाखाली दोरीने बांधलेले प्रेशर कुकर, नवी ब्लँकेटे, धाकट्यांसाठी घेतलेल्या सायकली. भुसावळ मागे पडले की मराठी जवळजवळ थांबते, आणि लखनौनंतर भोजपुरीत मधूनमधून नेपाळी मिसळू लागते. गोरखपूरहून सोनौली शंभर किलोमीटरच्या आतच, पण बसला तीन तास लागतात. नाक्यापाशी ट्रकांची रांग असेल तर त्याहून जास्त. रेल्वेने नौतनव्यापर्यंत जाऊन पुढचे सात-आठ किलोमीटर ई-रिक्षानेही जाता येते.

सोनौली म्हणजे खरे तर एकच रस्ता. दोन्ही बाजूंना लॉज, पैसे बदलून देणारे, सिमकार्डवाले, आणि टोकाला कमान. अलीकडे सशस्त्र सीमा बलाचे जवान, पलीकडे नेपाळमधले बेलहिया आणि पुढे भैरहवा. कमान ओलांडली की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे जाते आणि शंभराची नोट एकशे साठ नेपाळी रुपयांची होते. हा दर 1993 पासून तोच आहे. सीमा ओलांडली हे अंगाला कळतसुद्धा नाही, आणि दलालाला नेमके तेच हवे असते.

मराठी वाचकाचा या रस्त्याशी जुना संबंध आहे. फेब्रुवारी 1996 मध्ये मुंबईत कुंटणखान्यांवर मोठे छापे पडले आणि चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या. त्यांत नेपाळमधल्या मुलींची संख्या मोठी होती. त्यांना परत घ्यायला नेपाळ सरकार तयार नव्हते. महिनोन् महिने त्या सुधारगृहांत अडकून पडल्या आणि अखेर नेपाळमधल्या स्वयंसेवी संस्थांनी त्यांना मायदेशी नेले. परतलेल्यांपैकी काही जणींनी मिळून ‘शक्ती समूह’ उभा केला. विकल्या गेलेल्या स्त्रियांनी स्वतः चालवलेल्या या संस्थेला 2013 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अनुराधा कोइराला यांनी 1993 मध्ये स्थापन केलेली ‘माइती नेपाल’ सीमेवरच्या नाक्यांवर पाळत ठेवते. माइती म्हणजे माहेर. परक्या मुलखात निघालेल्या मुलीला वाटेत माहेरचे माणूस भेटावे, हे त्या नावातच आले आहे.

नाक्यावरचे काम म्हणजे प्रश्न विचारणे. सकाळपासून अंधार पडेपर्यंत पाळतीवरच्या दोघी-तिघी ‘दिदी’ कमानीजवळ उभ्या असतात. त्यांतली एखादी पूर्वी स्वतःच विकली गेलेली असते, आणि तिची नजर सर्वांत आधी वळते. संशय आला की जोडप्याला वेगवेगळे बसवून तेच प्रश्न दोघांना विचारतात. कुठे निघालात, तिथे कोण आहे, फोन कोणाकडे आहे, याच्या आईचे नाव काय? एका दुपारी सोळा-सतरा वर्षांची मुलगी ‘नवऱ्या’बरोबर आली. तिच्या चपला कोऱ्या होत्या, टाचेखालचा किमतीचा कागद अजून निघाला नव्हता. नवऱ्याचे आडनाव तिला सांगता येईना. त्याचे गाव तिने एक सांगितले, त्याने दुसरे. दिदीने तिला पाणी दिले आणि नाव विचारण्याआधी घरचा फोन नंबर विचारला. तिला तो पाठ होता. वडिलांचा आवाज ऐकल्यावर ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

तिला नेपाळच्या हद्दीतच थांबवले होते, म्हणून पुढची कारवाई तिथल्या पोलिसांकडे गेली. अल्पवयीन मूल भारताच्या हद्दीत सापडले तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार चोवीस तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. मात्र सज्ञान बाईला अडवणे हा नाजूक मामला आहे. आखातात घरकामाला जाण्यावर नेपाळने वेळोवेळी बंदी घातली, तेव्हा गरजू बायका भारतातून चोरवाटेने जाऊ लागल्या आणि दलालांच्या हाती अधिकच सापडल्या. पोटासाठी निघालेल्या बाईला ‘वाचवून’ घरी पाठवले, तर ती पुढच्या महिन्यात दुसऱ्या नाक्यावरून जाते. तिला माहिती, पत्ता आणि नंबर देऊन जाऊ देणे हेही याच कामात मोडते, असे लेखिकेचे ठाम मत आहे.

राहिला पैशांचा प्रश्न. स्वयंसेवकाला पगार नसतो. लेखिकेच्या खोलीभाड्यासाठी आणि जेवणासाठी चाळीस ओळखीच्यांनी दरमहा पाचशे रुपये देण्याचे कबूल केले. हा हिशोब संस्थेच्या देणग्यांपासून पूर्ण वेगळा ठेवावा लागतो. भारतातल्या नोंदणीकृत संस्थेकडे आयकराची 80जी मान्यता असेल तर देणगीदाराला करसवलत मिळू शकते. परदेशी पैसा मात्र एफसीआरए परवान्याशिवाय घेता येत नाही, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. त्यामुळे न्यू जर्सीच्या आत्तेभावाला अमेरिकन नागरिक म्हणून मनात आले तसे संस्थेला पैसे पाठवता आले नाहीत. एका मोठ्या देणगीदाराने मुलींचे फोटो मागितले. अल्पवयीन मुलीची ओळख उघड करणे गुन्हा आहे. फोटो दिले नाहीत, देणगीही आली नाही. महिन्याला ‘किती जणी सोडवल्या’ हा आकडाही सगळे मागतात. तो आकडा द्यावा असे लेखिकेला वाटत नाही, कारण आकड्यासाठी काम सुरू झाले की कमानीत नको त्या बायका अडवल्या जातात.

देणगीदारांना दर महिन्याला जाते ते खर्चाचे पान. पाळतीवरच्या बायकांचे मानधन, निवाऱ्यातला तांदूळ, मसूर आणि सॅनिटरी पॅड, फोनचे रिचार्ज, रात्रीच्या ई-रिक्षा. शेवटची ओळ असते भैरहव्याहून डोंगरातल्या गावांकडे जाणाऱ्या बसच्या तिकिटांची. मुलीला एकटीला पाठवत नाहीत. घरच्यांच्या हाती सोपवायला एक दिदी बरोबर जाते. म्हणून प्रत्येक मुलीमागे जातानाची दोन तिकिटे लिहिलेली असतात, येतानाचे एक.