सात दिवसांचे मालक

सालेकशाहून समुद्र फार दूर. म्हणूनच की काय, कोकणकिनाऱ्यावरच्या एका विश्रामधामात आम्ही पंचवीस वर्षांसाठी दरवर्षीचे सात दिवस विकत घेतले. ‘टाइमशेअर’ म्हणतात त्याला. मालकी खरी, पण आठवड्यापुरती!

यंदाचे सोळावे वर्ष. गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठली आणि पुढे किनाऱ्यावर गेलो. खोलीत पाऊल टाकताच सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला. गाद्यांना ओल, छताला पोपडे आणि सज्जाच्या कठड्यातून गंजक्या सळया डोकावताहेत. खाऱ्या वाऱ्यातले मीठ काँक्रीटमध्ये मुरते, आतले लोखंड गंजून फुगते आणि वरचा थर फोडून बाहेर येते. नुसता रंग फासून ते थोडेच थांबणार? व्यवस्थापक मात्र फार नम्र. नूतनीकरणाच्या जादा वर्गणीची नोटीस त्यांनी चहाबरोबरच दिली. देखभालीचे बिल तर दरवर्षी बिनचूक येतेच.

एका खोलीचे पन्नासेक मालक. जो तो आपला आठवडा काढतो नि निघतो. आमच्या सालेकशातल्या मातीच्या घराला मालकीण एकच, आई. मृगापूर्वी कवेलू फेरल्याशिवाय ती गड्यांना सोडत नाही. फुटके कवेलू ब्याऐंशीव्या वर्षीही स्वतः मोजते.

तिने समुद्र पाहिलेला नाही. उरलेल्या नऊ वर्षांत तो दाखवायचा आहे. पण त्या कठड्याला तिने हात टेकलेला माझ्याने पाहवणार नाही. सगळे ऐकून ती एवढेच म्हणाली, “मंग बाबू, तेथचे कवेलू कोन फेरते?”

नोटिशीला दिवाळीनंतर उत्तर द्यायचे आहे.