एसेनचा निनावी घोडा

गेल्या वैशाखात आम्ही जर्मनीस गेलो, ते देशाटनाच्या हौसेने नव्हे. साठी उलटल्यावर विमानात दहा तास गुडघे दुमडून बसण्याची हौस कोणास असणार? आम्हांस आमच्या थोरल्या बंधूंनी धाडले होते. त्यांचे चिरंजीव गेली अकरा वर्षे ऱ्हूर नदीकाठच्या एसेन शहरी यंत्रविद्येच्या नोकरीत आहेत. वाईच्या आमच्या वाड्याचे छप्पर उतरवून नव्याने घालावयाचे, त्यातील आपला वाटा आपण देऊ, असे या चिरंजीवांनी दोन दिवाळ्यांमागे कबूल केले होते. दोन पावसाळे गेले. वाटा आला नाही. आली ती एका जुन्या अमेरिकन मोटारीची छायाचित्रे. दादा मितभाषी. ते एवढेच म्हणाले, "तू जन्मभर मास्तरकी केलीस. त्याला चार शब्द सांगून ये. तो खटारा विकून टाक म्हणावे."

काळवंडलेले गिरणगाव पाहावयाच्या तयारीने आम्ही गेलो, आणि दिसली ती झाडी. एसेनच्या कोळशाच्या खाणी आता मिटल्या आहेत. त्सोल्फरआइन नावाची प्रख्यात खाण १९८६ साली बंद झाली. पण तिचा लोखंडी मनोरा मोडीत न काढता त्या लोकांनी तो जपला, आणि २००१ साली त्या साऱ्या परिसरास जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ज्या यंत्रांनी आजोबांची फुफ्फुसे काळी केली, ती नातवंडांस तिकीट काढून दाखवितात! आम्हांस प्रथम याचे हसू आले. पुढे आठवडाभरात ते मावळले.

एसेन म्हणजे क्रुप घराण्याचे गाव. १८११ साली येथे पोलादाची लहानशी भट्टी निघाली, आणि तिच्यातून पुढे आगगाडीच्या चाकांच्या बिनजोड धावा निघाल्या, तोफाही निघाल्या. एकात एक गुंतलेली तीन वर्तुळे ही त्या घराण्याची मुद्रा. ती त्या धावांचीच आकृती होय. तोफांनी जगाचे काय केले, हे वाचकांस सांगावयास नको. आल्फ्रेड क्रुपने १८७३ साली टेकडीवर बांधून पुरा केलेला व्हिला ह्यूगेल नावाचा प्रासाद पुतण्याने आम्हांस दाखविला. खोल्या २६९. आमच्या सूनबाई म्हणाल्या, "काका, एवढ्या खोल्यांचा केर कोण काढीत असेल?" प्रासादापेक्षा आम्हांस त्या घराण्याचे मूळचे चिमुकले घर अधिक आवडले. ते दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावात नष्ट झाले होते. कारखान्याच्या दीडशेव्या वर्षी, १९६१ साली, ते पुन्हा जसेच्या तसे उभारण्यात आले. ओटी-माजघराएवढे घर, पण पुतण्या त्याच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. त्याचा रोख आम्हांस कळला. आम्ही न कळल्यासारखे केले.

आता त्या मोटारीविषयी. फोर्ड कंपनीने १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात मस्टँग नावाची गाडी लोकांपुढे आणली. लांब नाक, आखूड पाठ, आणि पुढच्या जाळीवर चौखूर उधळलेला घोडा. मस्टँग म्हणजे अमेरिकेतील माळरानावरचा मोकाट घोडा. तरुण पिढीच्या खिशास परवडेल अशी ती गाडी असल्यामुळे तिच्यावर लोकांच्या उड्या पडल्या; दोन वर्षे पुरी व्हावयाच्या आत दहा लाख गाड्या तयार झाल्या. परंतु हा घोडा जर्मनीच्या वेशीवर आला तेव्हा अडला. कारण, मस्टँग हे नाव तेथे आधीच क्रुपच्या एका मालमोटारीस होते! फोर्डने ते नाव विकत घेतले नाही. जर्मनीत विकावयाच्या गाड्यांवरील अक्षरे काढून त्यांच्या जागी 'टी-५' अशी लहानशी पट्टी लावण्यात आली. क्रुपने १९६८ साली मालमोटारी बांधणे सोडून दिले, तरी ही पट्टी १९७० नंतरची बरीच वर्षे टिकली. गंमत अशी की नाव गेले, पण जाळीवरचा घोडा राहिला. व्याकरणात प्रत्ययाचा लोप होतो आणि त्याचे कार्य मात्र मागे उरते, हे आम्ही तीस वर्षे मुलांस फळ्यावर शिकविले. त्याचे एवढे सुरेख उदाहरण आम्हांस एसेनच्या एका गॅरेजात मिळेल असे वाटले नव्हते.

पुतण्याची गाडी १९६७ सालची, अशीच टी-५ आहे. त्या काळी जर्मनीत अमेरिकन सैन्याच्या छावण्या होत्या, आणि तेथील पुष्कळ शिपाई अशा गाड्या घेऊन मायदेशी परतत. ही गाडीही तशीच समुद्रापार गेली आणि ओहायो संस्थानात एका गोठ्यात कित्येक वर्षे पडून राहिली. पुतण्याने ती विकत घेऊन ब्रेमरहाफेन बंदरात परत आणविली. तीस वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातील गाडी संग्राह्य वस्तू ठरते; तिला नेहमीची जकात पडत नाही, आणि कर १९ ऐवजी ७ टक्के बसतो. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या कारखान्यातील नोंदी अमेरिकेत जपलेल्या आहेत. पैसे भरले की सातबाराच्या उताऱ्यासारखा उतारा मिळतो. तो त्याने काढला होता. हे आवश्यकच, कारण टी-५ ची पट्टी बाजारात विकत मिळते, आणि ती साध्या गाडीस डकविणारे महाभागही आहेत.

पहिल्या रविवारीच आम्ही आमचे चार शब्द सांगून टाकले. चार कसले, चाळीस झाले असतील. पुतण्या खाली मान घालून ऐकत होता. सूनबाई मात्र स्पष्ट बोलल्या. "काका, मीही हेच म्हणते. गाडी असू दे, पण शब्द आधी दिला होता." यावर तो उठला आणि म्हणाला, "एकदा येऊन बघा तरी."

गॅरेज म्हणजे एका शेतकऱ्याच्या धान्याच्या कोठाराचा भाड्याने घेतलेला अर्धा भाग. तेथे एक ऐंशीच्या घरातले जर्मन आजोबा त्यास मदत करतात. जन्मभर ते चरकावर पोलाद कातीत होते. गाडीचे सर्वांग उकलून मांडलेले. प्रत्येक खिळ्याची पुरचुंडी, तिच्यावर चिठ्ठी. पाने सारे इंचांचे, कारण अमेरिकन बोल्टांस मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. आजोबांनी आमच्या हातात एक लोहचुंबक दिले आणि गाडीच्या अंगावरून फिरवावयास सांगितले. चुंबक चिकटत चिकटत गेले, आणि मागच्या चाकाच्या वर एके ठिकाणी गळून पडले. तेथे पत्रा नव्हताच. आपले रंगारी जिला लांबी म्हणतात ती दोन बोटे जाड भरून वर रंग फासला होता.

परंतु खरा रोग निराळाच होता. पुढच्या काचेच्या पायथ्याशी, पत्र्याच्या आत, एक बंदिस्त पन्हळ असते. तिच्यातून बाहेरची हवा आत येते आणि पावसाचे पाणी बाजूंनी निघून जाते. या पन्हळीच्या आतल्या अंगास कारखान्यात नीटसा रंगच लागलेला नसे. पाला साचतो, पाणी तुंबते, पत्रा सडतो, आणि एके दिवशी चालविणाराच्या पायावर ठिबकू लागते. वरून गाडी चकचकीत! ती पन्हळ बदलावयाची तर वरच्या पत्र्याचे डझनावारी टाके एकेक करून छिद्र पाडून सोडवावे लागतात. मागच्या मालकाने तसे न करता वरून डांबरासारखे काही ओतले होते.

आम्ही वाकून त्या भोकात पाहिले आणि आम्हांस वाईचे माजघर दिसले. माजघरावरची दोन छपरांमधली पन्हळ आमच्या तीर्थरूपांच्या हयातीत वरून पत्रा ठोकून झाकली होती. त्यानंतर ती कोणी उघडलेली नाही. गेली पाच वर्षे भिंतीस ओल येते, आणि आम्ही दरवर्षी चुना देतो.

"दादांनी नव्या कौलांचा हिशेब पाठविला," पुतण्या म्हणाला, "त्यात पन्हळीचे नावही नाही. मी विचारले तर म्हणाले, पैसे पाठव, अक्कल पाठवू नकोस."

दादा असे म्हणाले असतील यात आम्हांस शंका वाटली नाही. तरीपण आम्ही त्यास सांगितले की, तुझे खरे असले तरी दोन वर्षे तू हे कारण पुढे करून पैसे येथे ओतलेस, आणि ते खरे नाही. तो गप्प राहिला. आजोबांस मराठीचे अक्षर कळत नव्हते, पण ते कापडाने हात पुशीत बाहेर निघून गेले.

पुढचे तीन दिवस घरात कोणी मोटारीचे नाव काढले नाही. चौथ्या दिवशी पुतण्याने इंजिनाचे काम पुढे ढकलल्याचे सांगितले. त्या देशात तीस वर्षांवरील गाडीस तज्ज्ञाच्या तपासणीनंतर 'एच' अक्षराची मानाची पाटी मिळते. ती यंदा मिळावयाची होती, ती आता केव्हा मिळेल ते मिळो. पन्हळ तेवढी पुरी करून, तांबडा रंग फासून गाडी कोठारात झाकून ठेवली. पैसे वाईस गेले. सोबत त्याने दादांस स्वहस्ते पत्र लिहिले. अट एकच, की कौले चढविण्यापूर्वी माजघरावरचा पत्रा उचलून पाहावा. पत्र आम्हांस वाचावयास दिले. दोन ठिकाणी शुद्धलेखन चुकले होते, ते आम्ही सुधारले. बाकी एक शब्द बदलला नाही.

आम्ही परतलो तो ज्येष्ठ लागला होता. दादा ओटीवरच बसले होते. चहा होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग आम्हांस आत नेऊन त्यांनी वर बोट दाखविले. पत्रा उचललेला होता, आणि खालची सागवानी तुळई दोन हात लांब इतकी पोखरलेली, की सुताराने तिच्यात टोकदार पहार खुपसून ठेवली होती ती तशीच उभी होती. त्या तुळईखाली आमच्या वहिनी रोज निजतात.

बराच वेळ दादा त्या पहारेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "त्या गाडीवर नाव काय घालणार आहे म्हणाला?"

आम्ही सांगितले, "टी-५. मूळचे तेच आहे."