सोड्यांचा डबा

लष्कर, ग्वाल्हेर

चि. सोनू हिस,


बर्गेनला इतकी ताजी कोलंबी मिळत असताना खिचडीला सोडेच, म्हणजे वाळवलेली कोलंबीच, का हवी, असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, अलिबागची. लग्न होऊन लष्करात आली तेव्हा शिंदेसरकारच्या चाकरीसाठी आलेल्या मराठी घरांनी गल्ल्या भरलेल्या होत्या, पण समुद्र कुठला? मासा म्हणजे तिघऱ्याच्या धरणातला नाहीतर चंबळेचा रोहू. तिने पहिल्यांदा त्याचं नारळ-कोकमाचं कालवण केलं, ते कुणाच्याच घशाखाली उतरेना. रोहूला चिखलाचा वास असतो. मीठ, हळद, लिंबू चोळून तो घालवायचा आणि मासा मोहरीच्या तेलात खरपूस तळायचा, हे ती शेजारणींकडून शिकली. तसा केलेला रोहू मला आजही आवडतो. पण त्याच्या मांसात बारीक दुतोंडी काटे विखुरलेले असतात. पापलेटचा मधला काटा उचलला की झालं. रोहू मात्र पोरांच्या पानात वाढताना जीव धास्तावतो.

मग आजीचा भाऊ बोरीबंदरला पंजाब मेलने येणाऱ्या कुणा ओळखीच्याकडे पत्र्याचा डबा द्यायचा. ही गाडी १९१२ पासून धावते आहे. आपल्या घरचा समुद्र तिच्यातूनच आला. डब्यात तळाला बोंबील, वर सोडे, कडेला जवळ्याची पुडी. आजी गच्चीत वर्तमानपत्रावर सोडे पसरून एकेक मोडून बघायची. कटकन तुटला तर बरणीत, वाकला तर पुन्हा उन्हात. आम्हा मुलांना मांजर हाकलायला बसवायची.

कोकणात सुकी मासळी आगोटीची बेगमी. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की ती बाहेर निघते. आपल्याकडे बारा महिने आगोटच.

पण सोडे नाइलाज म्हणून खातात, असं समजू नकोस. ताजा बोंबील जवळजवळ पाणीच असतो. दाबून पाणी काढावं, मग रवा लावून तळावा. तोच वसई-अर्नाळ्याला जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर वाळवला की काडीसारखा होतो आणि चव आटून घट्ट बसते. कोलंबीचंही तसंच. ताजी कोलंबी गोडसर, नाजूक. तिचा स्वाद तिच्यापाशीच राहतो. खिचडीत सोड्याचा स्वाद भाताच्या शितात आणि बटाट्याच्या फोडीत उतरतो. म्हणून ताजी कोलंबी नुसती लसूण-तिखटावर परतून खा आणि खिचडीला सोडे घे. सोडे दहा मिनिटं कोमट पाण्यात भिजव, पिळून घे, कांदा गुलाबी झाला की टाक. मीठ शेवटी.

तुमच्या लोफोटेनलाही कॉड मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात ना, फेब्रुवारीपासून मेपर्यंत? आपल्याकडे ऊन वाळवतं, तिकडे थंड वारा. तो म्हणे कित्येक दिवस पाण्यात ठेवावा लागतो.

दिवाळीला येशील तेव्हा त्याचा एक तुकडा घेऊन ये. आजीचा पत्र्याचा डबा अजून फडताळात आहे, झाकण घट्ट बसतं.

तुझी,
आत्या