निदान

'निदान' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. एक वैद्याचा : रोगाचे मूळ कारण किंवा ते शोधण्याची क्रिया. दुसरा रोजच्या बोलण्यातला : किमान, 'निदान एवढे तरी कर' यातला. या दोन अर्थांना जवळ आणणारा एक अनुभव मला नारायणगावजवळच्या एका गॅरेजात आला, आणि वर्गात काव्यातील गुणदोषांची चर्चा करताना तो अजूनही माझ्या उपयोगी पडतो.

२०१४ च्या मे महिन्यात माझ्या मावसभावाची जुनी डिझेल पिकअप स्लोमध्ये थरथरू लागली. रस्त्यावर धावताना फारसे काही जाणवत नसे. पण गाडी उभी राहिली की आरसे, दारे, स्टिअरिंग सारेच हलू लागे. सकाळी इंजिन सुरू केले की डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर येई. दिवस टोमॅटोच्या हंगामाचे होते. संध्याकाळी भरलेले क्रेट पहाटेपूर्वी वाशीच्या बाजारात पोचवायचे, आणि त्या भाड्यातून गाडीचे हप्ते फेडायचे, असा त्याचा संसार. शहरातल्या एका मोठ्या गॅरेजने पंप आणि चारही नोझल बदलण्याचा सल्ला दिला. खर्चाचा आकडा ऐकल्यावर तो गाडी विकून टाकण्याच्या गोष्टी करू लागला होता.

दोष स्लोवरच का दिसावा? चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दर दोन फेऱ्यांना एकदा ज्वलन होते. मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या, तर एकेका सिलिंडरच्या वाट्याला ४०० ज्वलने येतात. स्लोवर दर खेपेस आत जाणारे डिझेल अत्यल्प असते; त्यामुळे एखाद्या सिलिंडरमध्ये ते थोडे कमी पडले किंवा नीट जळले नाही, तरी ती तूट सबंध गाडीला हादरवते. वेग वाढला की फिरत्या फ्लायव्हीलच्या जोरात तीच तूट झाकली जाते. भरभर वाचलेल्या कादंबरीतही असेच पुष्कळ काही झाकले जाते. संथ वाचनाचा आग्रह आपण धरतो, त्यामागचे एक कारण हेही असावे.

गॅरेजातल्या वृद्ध मिस्त्रींना सारा परिसर 'चाचा' म्हणे. त्यांनी आधी स्वस्तातल्या शक्यता निकालात काढल्या : एअर फिल्टर, डिझेल फिल्टरमध्ये साचणारे पाणी, पाइपात शिरलेली हवा, इंजिनाखालची मौंटिंगची रबरे. त्यांत काही सापडले नाही. मग इंजिन स्लोवर ठेवून त्यांनी १७ नंबरचा पाना घेतला आणि पहिल्या नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल केला. डिझेल बाहेर पाझरले, इंजिन दचकले, आवाज खाली गेला. नट कसताच आवाज पूर्ववत झाला. दुसऱ्याचे तेच. तिसरा सैल केला, आणि काहीच घडले नाही. चौथ्याला इंजिन पुन्हा दचकले.

"हा काम करतच नव्हता, सर," चाचा म्हणाले. "म्हणून बंद केला तरी इंजिनाला कळलं नाही."

(ही परीक्षा जुन्या मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांपुरतीच, तीही जाणत्या हातांनीच करावी. कॉमन-रेल इंजिनाच्या पाइपातला दाब कित्येक पट अधिक असतो. तिथे सैल नटातून उडालेले डिझेल कातडी भेदून आत जाऊ शकते. त्या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरचा वाटा स्कॅनरवर पाहतात.)

दोषाची जागा कळली, तरी कारण कळले नव्हते. नोझल बिघडले होते, की त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशनच गेले होते? चाचांनी तिसरे आणि पहिले नोझल आपसात बदलले, पाइपांतली हवा काढली आणि तीच परीक्षा पुन्हा घेतली. आता मुका होता पहिला सिलिंडर. दोष नोझलबरोबर चालत गेला होता.

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांना यात अन्वय-व्यतिरेक दिसेल. साहित्याच्या विद्यार्थ्याला मात्र अकराव्या शतकातला मम्मट आठवायला हवा. दोष, गुण किंवा अलंकार शब्दाचा की अर्थाचा, हे 'काव्यप्रकाशा'त याच कसोटीने ठरते. शब्दाच्या जागी पर्यायी शब्द ठेवून पाहायचा. 'चंद्रासारखे मुख' ऐवजी 'शशीसारखे वदन' म्हटले तरी उपमा टिकते, ती अर्थाची. अनुप्रास मात्र शब्द बदलताच नाहीसा होतो, तो शब्दाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि कान देऊन ऐकायचे.

आपली बरीचशी समीक्षा त्या मोठ्या गॅरेजासारखी असते. 'कविता फसली आहे' असे म्हणून आपण प्रतिमा, लय, आशय सगळेच एकदम बदलायला सांगतो. तसे केल्याने थरथर थांबेलही. पण दोष कुठे होता, हे कायमचे अज्ञात राहील, आणि तीन चांगली नोझले भंगारात जातील.

साम्य फार ताणू नये, हेही खरे. ओवीचे पालुपद एखाद्या वेळी गाळले तर अर्थ बदलत नाही. म्हणून ते मुके ठरत नाही. ते काम करते ते अर्थाच्या पातळीवर नव्हे. इंजिनाचे सुरळीत चालणे म्हणजे काय, याबद्दल वाद नसतो. कवितेबद्दल तो असतो. कसोटी तेवढेच सांगते जेवढे ऐकणाऱ्याच्या कानाला ऐकू येते, आणि चाचांचा कान आयुष्यभराच्या कामाने तयार झालेला होता.

टेस्टरवर लावले तेव्हा त्या नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा येण्याऐवजी थेंब ओघळत होते. ते एक नोझल बदलले, तांब्याचे नवे वॉशर घातले. पंपाला हात लावला नाही. बाकीची तीन बदलून टाकू का, असे भावाने विचारले, तेव्हा चाचा म्हणाले, "चांगली आहेत, राहू द्या. जाईल तेव्हा बघू."

विद्यार्थी कवितेचा दोष सांगतो, तेव्हा मी त्याला आता एवढेच विचारतो : निदान एक शब्द दाखव, जो काढल्याने काहीच बिघडत नाही.